लक्कव्वाबाईंच्या खुडूक कोंबडीची दर्यापार फत्ते

आकाश ज्याचे, पृथ्वी ज्याची आणि त्यावरील समस्त कोंबड्याही ज्याच्याच, त्या प्रभूचे स्मरण करोन, हुबळी मुक्कामी इसवी सन १९९८चे साली सुगीच्या सणाचे दिवशी जो घोर संग्राम जाहला त्याचे वर्तमान लिहितो. लेखक खासा भोपळ्यांच्या राशीपाशी उपाशी उभा होता. सबब पदरचे काही घातले नाही. घातले तेथे शोभेपुरतेच.

मोहिमेचे कारण ऐसे जे, दर्यापार बेटांच्या मुलखी मिशनचा एक दवाखाना असे, आणि तेथील परिचारिकाबाई औषधांची पेटी घेऊन बेटोबेटी फिरत, आणि त्यांची होडी खडकावर आपटोन फुटली. नवी होडी घेणे एका गावच्या ख्रिस्ती मंडळीचे ताकदीबाहेर. मग हुबळी, धारवाड, कलघटगी आदिकरून सात मंडळ्यांनी मसलत केली, की प्रत्येकीने आपला पैक्याचा हिस्सा एकाच पेटीत घालावा, आणि पेटी दर्यापार रवाना करावी. सहांचे हिस्से दाखल जाहले. हुबळीकरांस सहाशे रुपये कमी पडले, आणि पेटी दुसरेच दिवशी निघणार! मंडळीचे धर्मगुरू, पाळक सुमंतसाहेब, बहुत हवालदिल जाहले. आता भरवसा काय तो सणाच्या लिलावाचा.

या सणाचा दस्तूर असा, की रयतेने ऊस, जोंधळा, भोपळा, कोंबडे जे पिकेल ते वेदीपाशी ठेवावे, पाळकांनी त्यावर प्रार्थना करावी, मग मांडवात त्याचा लिलाव व्हावा. एकदा प्रार्थना जाहली की वस्तू देवाची. ती परत मागू नये. हवी तर बोली लावून घ्यावी. आणि बोली जिंकणाराने तीच वस्तू पुन्हा लिलावात द्यावी, यात मोठा लौकिक मानीत.

तारिहाळच्या कारखान्यातील नामजाद शिलेदार राजश्री परसूअण्णा यांचे कुटुंब लक्कव्वाबाईसाहेब यांनी कोंबडा नवसला होता. घरी दोन डालगी पालथी घातलेली. एकाखाली कोंबडा, दुसऱ्याखाली नऊ अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी. परसूअण्णांनी पहाटेच्या घाईत भलत्याच डालग्याखाली हात घातला, आणि जे हाती लागले ते पोत्यात कोंबून वेदीपाशी नजर केले. ऐसा पराक्रम!

इकडे बाईसाहेब भाकऱ्या उरकून पाहतात तो कोंबडा आरवतो आहे.

"अय्यो देवरे! कोंबडा हितंच हाय की! मग ह्यांनी नेलं काय?"

अंडी निवाली तर नऊ जीव फुकट जातील, हे जाणोन बाईसाहेबांनी नवऱ्याचा लग्नातला कोट काढला, त्यात अंडी गुंडाळोन चुलीपाशी ठेविली, कुकरसाठी साठवलेले तीनशे नव्वद रुपये कनवटीस लाविले, आणि धावत मांडवात दाखल जाहल्या.

तोच पाळकसाहेबांनी पोत्यातून कोंबडी उचलली आणि परसूअण्णांच्या तोंडचे पाणी पळाले. बाईसाहेब घरीच आहेत ऐसे समजोन त्यांनी ठरविले, की त्यांस कळण्याआधी ही परत जागेवर बसविणे. स्वतः बोली लावावी तर चूक उघडी पडते. मग शेजारी विठ्ठलराव होते, ज्यांचा आवाज दणदणीत आणि कोंबडीच्या रश्श्यावरील प्रेम पंचक्रोशीत जाहीर, त्यांचे कानी आकडा सांगितला. पलीकडे बायकांच्या गोटाचा दस्तूर, की आकडा हेमावतीअक्कांचे कानी सांगावा आणि अक्कांनी पुकारावा. दोहों गोटांमध्ये उसाच्या मोळ्यांचा कोट उभा. कोणास कोणी दिसेना.

"पन्नास!" विठ्ठलराव गर्जले. बाईसाहेबांस रश्श्याचा वासच आला, त्यांनी अक्कांचा कान गाठला. "शंभर!" अक्का कडाडल्या. अक्कांकडे जावई आल्याचे परसूअण्णांस ठाऊक. त्यांस ताटेच दिसो लागली. मग दोनशे, मग तीनशे, मग चारशे! पदरी काय आहे याचे भान दोहों पक्षी राहिले नाही. पाळकसाहेबांस आनंदाने घाम फुटला. सहाशे तीसची तोफ विठ्ठलरावांनी डागली, अक्कांनी सहाशे चाळीसने जबाब दिला, आणि परसूअण्णा ही निर्दय बाई कोण ते पाहावयास जोंधळ्याच्या पोत्यावर चढले.

"अगं, तूच व्हय?"

"तुम्हीच? मग हे विठ्ठलअण्णा काय करूलालेत?"

"तुझीच कोंबडी सोडवूलालो की गं! माझंच चुकलं!"

मांडव हसोन हसोन लोळला. पाळकसाहेबांनी तीन वेळ पुकारोन कोंबडी बाईसाहेबांचे नावे केली. आता रक्कम? बाईसाहेबांनी कनवटीचे तीनशे नव्वद काढिले, परसूअण्णांनी नव्या सायकलीचे दोनशे साठ काढिले. सात मंडळ्यांची तऱ्हा एका घराने गिरवली. सहाशे चाळीस मोजले, पेटी भरली! हाती उरले दहा. इतक्यात रयतेने दस्तुराप्रमाणे "पुन्हा लिलावात द्या!" ऐसा गलबला केला, तो बाईसाहेबांनी एकदाच वळोन पाहिले आणि गलबला जागीच निवाला. उरल्या दहा रुपयांत कोंबडीस घरी न्यावयास रिक्षा केली. नऊपैकी सात पिले निघाली. लग्नातला कोट कामास आला तो पुन्हा अंगावर घालण्याजोगा राहिला नाही.

पुढील रविवारी कोंबडा रीतसर लिलावात गेला, आणि विठ्ठलरावांनी स्वतःचे पैशाने घेऊन त्याचा बंदोबस्त केला.

वर्षाने दर्यापारहून फोटो आला. निळ्या पाण्यात नवी होडी, होडीत परिचारिकाबाई, आणि होडीच्या पुढच्या टोकास, नाळेवर, रंगविलेली तांबडी कोंबडी! पाळकसाहेबांनी हिस्सा कसा भरला तो मजकूर पत्री कळविला होता, त्याचा हा जबाब. बाईसाहेबांनी फोटो बहुत वेळ पाहिला. डोळे भरले, ते पदराने टिपले, मग हुकूम जाहला:

"तंगड्या बदकाच्या काढल्यात. तरी माझीच हाय."

स्वयंपाकघरात कुकरसाठी मोकळी ठेविलेली फळी होती, तिजवर तो फोटो विराजमान जाहला. येणेप्रमाणे हुबळीच्या कोंबडीने दर्या जिंकिला, परसूअण्णा आजतागायत पायी चालतात, आणि बाईसाहेबांची डाळ अद्याप पातेल्यातच शिजते. फत्तेची नोंद केली असे.