फ्रित्झनेलची मागणी

जेरेमी गावात इंग्रजी म्हणजे फ्रित्झनेल, असं निदान फ्रित्झनेलचं मत होतं. शाळेत तो इंग्रजी शिकवायचा, आणि शिकवण्यापेक्षा ऐकवायचाच जास्त. त्यामुळे विदलीनच्या घरी लग्नाचं मागणीपत्र न्यायची वेळ आली, तेव्हा त्याने मावशीचंही ऐकलं नाही.

"अरे, अशी पत्रं लिहून देणारे आहेत आपल्याकडे," इवरोझ मावशी म्हणाली. "फ्रेंचमध्ये, मोत्यासारख्या अक्षरात."

"पोरीचे काका लहानपणीच नासाऊला गेले, आता पाहुणे म्हणून आलेत. त्यांना आता इंग्रजीशिवाय काही कळत नाही. तू फक्त पत्राला फीत बांध, मावशी."

रविवारी मावशीसोबत काकांसमोर उभं राहून, लाल फीत सोडून त्याने खणखणीत इंग्रजीत वाचलं, "मी आपल्या पुतणीची डिमांड करतो."

त्याच्या फ्रेंच वळणाच्या बोलीत ‘दमांद’ म्हणजे अदबीने मागणं. इंग्रजीत तोच शब्द दंड थोपटून येतो, आणि विनंतीला ‘रिक्वेस्ट’ म्हणतात, हे गुरुजींना ठाऊक नव्हतं.

काकांच्या हातातलं भजं हातातच राहिलं. "डिमांड? कशाच्या जोरावर?"

काहीतरी बिनसलंय, एवढं फ्रित्झनेलला कळलं. "चुकलं. मी क्षमेची डिमांड करतो."

"क्षमेचीसुद्धा?"

"तुमच्या शांतपणाची डिमांड करतो, काका."

"तो संपत आलाय."

फ्रित्झनेलच्या घशाला कोरड पडली. "निदान घोटभर पाण्याची डिमांड..."

काका उठून उभे राहिले. "नासाऊच्या बंदरावर मी संपवाल्यांशी बोलणी करायचो. एका बैठकीत एवढ्या मागण्या त्यांनीही केल्या नव्हत्या."

शेवटी विदलीननेच काकांना घोळ समजावला. काका पोट धरधरून हसले, पाणी आलं, मावशीचा जीव भांड्यात पडला.

"बरं, आता तिलाच विचार," काका म्हणाले. "नीट, विनंती करून."

फ्रित्झनेल आता पुरता सैलावला होता. "तिला काय विचारायचं, काका? ती हो म्हणणारच."

विदलीनने भज्यांची ताटली उचलली. "क्षमा मागितलीस, पाणी मागितलंस, मलाही काकांकडे मागितलंस," ती म्हणाली. "मला मात्र आजवर एकदाही विचारलं नाहीस." ती आत गेली आणि पुढच्या आठवड्यात काकांबरोबर नासाऊला.

फ्रित्झनेलला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं. त्या दोन शब्दांतला फरक आता तो वर्गात जीव तोडून शिकवतो. पोरं म्हणतात, "सर, एखादं उदाहरण द्या ना." मग तो फळा पुसायला लागतो.