वाघमारेंची रांग

भैंसा गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल मागितला की ऑपरेटर वाघमारे नंबर विचारण्याआधी एकच प्रश्न विचारत, "काऊन?" म्हणजे, कशासाठी?

नियमाप्रमाणे लाइटनिंग कॉल आधी, मग अर्जंट, शेवटी साधा. नांदेडकडे लाइनी दोनच. वाघमारेंनी या नियमाच्या वर स्वतःचा नियम ठेवला होता. आजारपण आणि बाळंतपण पुढे, कापसाचा भाव मागे, बातमी सर्वांत मागे. मी एका दैनिकाचा वार्ताहर होतो. "बातमी उद्याबी बातमीच राह्यते, पत्रकारसाहेब," ते म्हणत.

जिनिंगवाल्या एका शेठजींनी एकदा रडका आवाज काढला. "बाबू, सासूमाँ सीरियस है!" लाइन लगेच मिळाली. दुसऱ्या दिवशी वाघमारे मोसंबी घेऊन भेटायला गेले. सासूबाई ओसरीवर पापड लाटत होत्या. वाघमारेंनी मोसंबी त्यांच्या हाती दिली, नमस्कार केला आणि परतले. पुढे शेठजींनी कॉल मागितला की आधी चौकशी होई, "माँजी की तबियत कैसी है?" मग त्यांचा नंबर शेवटी लागे.

एका दुपारी तार आली. वडील नांदेडच्या इस्पितळात होते. मी साधा कॉल मागितला आणि सवयीने म्हणालो, "बातमी नाही."

"समजलं मले. बातमी असली का तुमी भांडता. आज सावकाश बोलून राह्यले."

शेठजींचा लाइटनिंग कॉल थांबवून त्यांनी मला जोडून दिलं. भाऊ म्हणाला, संध्याकाळी ऑपरेशन आहे, रक्त तुझंच जुळतं. दोनची बस मिळाली. वडील त्यानंतर अकरा वर्षं जगले.

शेठजींनी तक्रार केली. वाघमारेंनी लेखी खुलासा दिला, "कॉल आजारपणाचा होता." त्यांना ताकीद मिळाली. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

नव्वदनंतर स्वयंचलित एक्स्चेंज आलं, रांग संपली, वाघमारे निवृत्त झाले. एवढ्या नोकरीत त्यांनी स्वतःसाठी एकही कॉल लावला नव्हता, हे त्यांच्या सहकाऱ्याने सांगितलं. लावावा असं कोणी नव्हतं. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी घरी फोन घेतला.

मी तेव्हा मावला या दुसऱ्या गावी राहत होतो. दर रविवारी त्यांना फोन लावत असे. पहिल्याच घंटीला उचलला जाई.

"काऊन?"

"काही नाही. सहज."

"मंग तुमचा नंबर सगळ्यात शेवटी," ते म्हणत, आणि फोन ठेवत नसत.