दोन नाकांचं लढाऊ विमान

"या विमानात खोट सापडली नाही, तर नाव बदलून ठेवीन!" असं म्हणून शंकासुरांनी खोक्यावर जोरात थाप मारली. खोकं दचकलं नाही, पण शेजारी ठेवलेला चहा बशीत सांडला.

खरं तर नाव लोकांनी आधीच बदललं होतं. शंकासुर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते एका मोठ्या कचेरीत हिशेबतपासनीस होते आणि संशय घेणं हा त्यांचा धंदाही होता आणि छंदही. कुणी हसून नमस्कार केला की याला काय हवंय, असा प्रश्न त्यांना पडे. हातातल्या घड्याळाची वेळ ते भिंतीवरच्या घड्याळाशी पडताळून पाहत, आणि दोन्ही जुळली तर म्हणत, "मिळालेले दिसतात दोघं!"

अशा माणसाकडे मेव्हण्याने आपण होऊन खोकं आणून दिलं होतं. मेव्हण्याचं खेळण्यांचं दुकान होतं आणि एका नव्या कंपनीची, प्लास्टिकचे भाग जोडून विमान बनवायची किटं तो ठेवणार होता.

"भाऊजी, तुम्ही हे जोडून बघा आणि कसं आहे ते सांगा. तुम्ही नको म्हणालात तर माल मागवत नाही. सगळं तुमच्यावर!"

सगळं तुमच्यावर! लग्न झाल्यापासून सासरच्या मंडळींनी शंकासुरांवर कधी भाजी निवडायचं कामसुद्धा सोपवलं नव्हतं. त्यांची छाती फुगली. आता असा अहवाल लिहायचा की सासर तोंडात बोटं घालील, असं त्यांनी मनाशी ठरवलं. मेव्हणा जिना उतरतो न उतरतो तोच ते खोकं उजेडात धरून बसले.

"ही चिकटपट्टी दोनदा लावलेली आहे," ते म्हणाले.

"खोकं पडून उघडू नये म्हणून असेल," बायको म्हणाली.

"किंवा आधी उघडलं होतं म्हणून!"

आत प्लास्टिकच्या राखाडी चौकटी होत्या आणि त्यांना विमानाचे भाग फळांसारखे लगडलेले होते. शंकासुरांनी नेलकटरने एकेक भाग तोडला, भिंगाखाली धरला, पट्टीने मोजला, वाकवून पाहिला. पंख ठीक. चाकं गोल. उजवा भाग डाव्यावर ठेवला तर मध्ये केसाएवढीही फट नाही! जसजशी खोट सापडेना तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"इतकं चांगलं कुणी उगाच बनवत नाही," ते पुटपुटले. "कुठेतरी पाणी मुरतंय."

तेवढ्यात वैमानिक नाहीसा झाला! बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा पुतळा, आत्ता टेबलावर होता आणि आत्ता नाही! शंकासुरांनी दार लावून घेतलं. बायकोने केर कधी काढला, कचरा कुठे टाकला, मधल्या वेळात भाऊ येऊन गेला का, अशी उलटतपासणी सुरू झाली. पायपुसणं झटकलं, केराची टोपली वर्तमानपत्रावर उपडी केली, आणि शेवटी बायकोला मूठ उघडायला लावली.

"उघडते की," बायको म्हणाली. "पण आधी तुमचं कोपर बघा. काखेत कळसा नि गावाला वळसा!"

वैमानिक गोंदात बसून त्यांच्या कोपराला चिकटला होता. "लक्ष ठेवतोय बिचारा तुमच्यावर," ती म्हणाली. शंकासुरांनी त्याला सोडवलं. थोडे केसही सुटले.

आणि मग त्यांनी सूचनांचा कागद उलगडला. सगळ्या चौकटींचं चित्र होतं, प्रत्येक भागाला आकडा होता. आणि त्यातल्या काही भागांवर चक्क फुल्या मारलेल्या होत्या! एक जादा नाक, एक जादा आसन, कॉकपिटची दुसरी पारदर्शक टोपी, लांबलचक टाक्यांची जोडी. सगळ्यांवर फुली!

शंकासुरांचे डोळे लकाकले. उभ्या नोकरीत त्यांनी एकच तत्त्व पाळलं होतं: जिथे खाडाखोड तिथे घोटाळा. वहीत ज्या रकमेवर फुली असते तीच रक्कम कुणीतरी खिशात घातलेली असते!

"सापडला! अगं, सापडला चोर!" ते ओरडले. "भाग खोक्यात आहेत आणि कागदावर खोडलेत! का?"

"लावायचे नसतील," बायको म्हणाली.

"लावायचे नाहीत तर दिले कशाला? फुकट? कंपनी काय तुझी मावशी लागते?"

बायकोने चहाचा कप उचलला आणि आत गेली. तिला संसाराचा अनुभव होता.

शंकासुरांनी निश्चय केला की दडपलेला एकेक भाग उजेडात आणायचा आणि विमानावर जिथल्या तिथे बसवायचा. जिथल्या तिथे म्हणजे कुठे, हे कागदावर नव्हतं. पण कागदावर कुणाचा विश्वास होता? दुसरं आसन पहिल्याच्या पाठीला पाठ लावून बसवलं. टोपीवर टोपी चढवली. टाक्या पोटाखाली मावेनात म्हणून पाठीवर घेतल्या. राहता राहिलं दुसरं नाक. पुढे एक होतंच, तेव्हा ते मागे लावलं, धूर निघायच्या भोकावर. आणि नवल म्हणजे तिथे ते बुचासारखं घट्ट बसलं!

बायको बघायला आली. तिने विमान या टोकाकडून पाहिलं, त्या टोकाकडून पाहिलं.

"हे जाणार कुठल्या बाजूला?"

"दोन्ही."

"आणि धूर?"

"ते कंपनीला विचार!" शंकासुर म्हणाले. "म्हणूनच तर खोडलं होतं! दोष झाकायला!"

अहवाल तयार झाला. त्यात 'संशयास्पद' हा शब्द इतक्या वेळा आला होता की त्याचाच संशय यावा. ठरल्या दिवशी शंकासुर इस्त्रीचा सदरा घालून दुकानात गेले. मागून बायको विमान घेऊन आली. कंपनीच्या प्रतिनिधी, एक हसतमुख बाई, आधीच येऊन बसल्या होत्या. शंकासुरांना त्यांचं हसणं लगेच खटकलं.

शंकासुरांनी विमान काउंटरवर ठेवलं आणि अहवाल वाचला. आवाज चढत गेला. खेळणी बघायला आलेली दोन गिऱ्हाइकंसुद्धा थांबून ऐकू लागली. शेवटी त्यांनी सूचनांचा कागद फडकावला. "आता सांगा! हे भाग खोडले कुणी?"

"आम्हीच," बाई शांतपणे म्हणाल्या. "एकाच साच्यातून दोन प्रकारची विमानं निघतात ना. एका आसनाचं आणि दोन आसनांचं. साचा एक, म्हणून भाग सगळे येतात. जे या विमानाचे नाहीत त्यांच्यावर फुली. खाली लिहिलंय तसं."

लिहिलेलं होतं. ठळक अक्षरात. शंकासुर ते वाचत राहिले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. एवढा अहवाल, एवढा आवाज, आणि समोर सासरचा माणूस! धरणी दुभंगली असती तर ते इस्त्रीच्या सदऱ्यासकट आत गेले असते.

बाई मात्र विमान उचलून निरखत होत्या. त्यांनी मागचं नाक ओढून पाहिलं. निघेना. टाक्या हलवून पाहिल्या. ढिम्म!

"कमाल आहे!" त्या मेव्हण्याला म्हणाल्या. "नको ते भाग नको तिथे लावले, तरी एक सांधा सुटला नाही! आमची चाचणी याच्याहून चांगली झाली नसती. माल कधी पाठवू?"

"चाचणी?" शंकासुरांनी विचारलं. "म्हणजे माझा अभिप्राय हवा होता तो?"

"अभिप्राय नाही हो," बाई मनापासून म्हणाल्या. "नवं किट आलं की आम्ही दुकानदाराला एक खोकं देतो. सांगतो, ओळखीतला सगळ्यात आडमुठा माणूस शोधा. सूचना वाचणार नाही, वाचल्याच तर उलट वागेल, असा. त्याच्या हातून जे जोडलं जातं, ते कुणाच्याही हातून जोडलं जातं!"

मेव्हणा एका बाहुलीचा फ्रॉक नीट करू लागला.

"भाऊजी, मी दुसऱ्याच एकाला देणार होतो," तो बाहुलीकडे बघत म्हणाला. "पण मला सांगण्यात आलं की इतका जवळचा माणूस असताना लांब कशाला जाता..."

"कुणी सांगितलं?"

"विमान शोकेसमध्ये ठेवू का?" मेव्हण्याने विचारलं.

घरी जाताना शंकासुरांनी हळूच शेजारी पाहिलं. बायको दुसरीकडे तोंड करून चालली होती आणि तिचे खांदे गदगदा हलत होते.

"काय झालं?"

"कुठे काय," ती म्हणाली. "ऊन डोळ्यांवर येतंय."

ऊन पाठीमागे होतं. आयुष्यात पहिल्यांदाच शंकासुरांना शंभर टक्के पक्का संशय आला, आणि पहिल्यांदाच त्यांनी चौकशी केली नाही.