लाल, निळी आणि आईच्या बादल्या

शनिवारी सकाळी बाबा घरातली शेवटची बादली उचलून निघाले, तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली.

"आंघोळी काय आता पेल्याने करायच्या?"

"तासाभरात आणतो गं."

बाबांकडे लाल आणि काकांकडे निळी, अशा दोन जुन्या स्पोर्ट्स कार होत्या. मैदानात बादल्या उपड्या मांडायच्या, त्यांच्यामधून नागमोडी गाडी काढायची, घड्याळ लावायचं आणि बादली पडली की दंड धरायचा. या ऑटोक्रॉसच्या खेळाला कोणती गाडी सरस, यावर दोघं भाऊ वर्षानुवर्षं भांडत होते.

"तुझ्या निळीत ताकद आहे रे, पण वळायचं तर तिला आधी अर्ज द्यावा लागतो."

"आणि दादा, तुझी लाल? चढ आला की उतरून ढकलायची!"

आता मात्र निकाल लावणं भाग होतं. निळी सुताराच्या शेडमध्ये राहायची आणि त्याला शेड परत हवी होती. घरी जागा एकाच गाडीची. रविवारी हरेल ती विकायची, असं ठरलं होतं.

शनिवारच्या सरावाला मुलगी नेहमीसारखी बाबांच्या शेजारी बसली होती, मांडीवर कादंबरी उघडी ठेवून. फेरी संपल्यावर बाबांनी नेहमीसारखं विचारलं, "मजा आली का?"

"हं," म्हणून तिने पान उलटलं.

रविवारी पहाटे बाबा झोपेतच गेले. बादल्या मैदानातच राहिल्या होत्या. त्या नंतर शेजाऱ्यांनी आणून दिल्या.

काही महिन्यांनी सुतार दारात येऊन चुळबुळत म्हणाला, "घाई नाही हो. फक्त लाकूड भिजतंय."

मग राहिलेला रविवार उरकायचं ठरलं. लाल गाडी मुलगी चालवणार होती; बाबांनी तिला शिकवलं होतं त्याच गाडीवर. घड्याळ आईकडे.

आधी काका निघाले. एरवी धुरळा उडवणारे काका आज काचेची बरणी घेऊन चालल्यासारखे गेले. वाटेत दोन बादल्या त्यांनी नीट नेम धरून पाडल्या.

मुलीच्या लक्षात आलं. तिने लाल त्याहून हळू काढली. मधे एक कुत्रं आडवं आलं, तर त्याला जाऊ दिलं. ते परत आलं, तर परत जाऊ दिलं. मग तीन बादल्या पाडल्या.

"ही फेरी बाद!" काका ओरडले. "कुत्र्यामुळे वेळ गेला."

"मग तुमचीही बाद. तुम्ही मागे जाऊन बादली पाडलीत."

दुसऱ्या फेरीत काका वळणावर चक्क थांबले आणि उतरून टायर बघू लागले. मुलीने तिच्या फेरीत गाडी बंदच पाडली.

"गाड्या चालवताय की गाई चारताय?" आई कडाडली. "घड्याळ मी केव्हाच बंद केलंय. दोघंही हरायला आलात ना?"

शेवटी काका चाकाकडे बघत म्हणाले, "वहिनी, दादाची गाडी विकली, तर मी भांडू कोणाशी?"

"आणि तुमची विकली, तर मी कोणाशी भांडू?" मुलगी म्हणाली.

आईने पडलेली बादली उचलून झटकली. "अंगणातल्या माझ्या कुंड्या गच्चीवर न्या. त्यांच्या जागी दुसरी गाडी सहज मावते."

"हे आधी का नाही बोललीस?" मुलीने विचारलं.

"मला विचारलं कोणी? सगळे नुसते बादल्या मागायला यायचे."

काकांनी निःश्वास सोडला, मग एकदम छाती काढली. "आता बघ हं! आता दयामाया नाही."

या खेपेला निळी गरजत गेली. मागोमाग लाल सुटली. पहिल्या वळणावर मुलीने जरा जास्तच ब्रेक दाबला, दुसऱ्यावर गाडीच तिला वळवून घेऊन गेली. बादल्या दोन्ही बाजूंनी सपासप मागे पडत होत्या. शेवटची तेवढी कोलमडली.

"पडली! दंड! निळी जिंकली!" काका नाचत येत होते.

मुलीने इंजिन बंद केलं. शेजारची सीट रिकामी होती. काचा उघड्या होत्या, काका चार पावलांवर होते, तरी ती मोठ्याने म्हणाली,

"बाबा, मजा आली. दर वेळी यायची."