उसना दिवाणखाना

"रविवारी साहेब आपल्याकडे चहाला येणार आहेत," असं म्हणत बायकोनं चपला काढल्या आणि खटपटरावांच्या हातातला पान्हा निसटला.

निसटला तो थेट फरशीवर आपटला, कारण मध्ये अडवायला काही नव्हतंच. बाहेरच्या खोलीत एक चटई, दोन प्लास्टिकची स्टुलं आणि दुरुस्तीला आलेला कुणाचा तरी मिक्सर, एवढाच काय तो थाट. तीन वर्षांपूर्वी इथे सोफा होता, टीव्ही होता, काचेचं कपाट होतं. मग खटपटरावांना विजेच्या वस्तूंचं दुकान काढायची हौस आली. दुकान अकरा महिने टिकलं, कर्ज मात्र चांगलंच दणकट निघालं.

दुकानाला कुलूप लागलं त्या दिवशी बायको वावगा शब्द बोलली नाही. "फेडू," एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सोफ्याला गिऱ्हाईक घेऊन आली. तेव्हापासून त्या घरात काटकसरीचं राज्य सुरू झालं. दिवा एकच, माणूस ज्या खोलीत त्या खोलीत लागायचा. टूथपेस्टची नळी संपली की कात्रीनं उभी चिरायची, मग ती आणखी चार दिवस पुरायची. कपडे धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसायची आणि भाजी बाजार उठताना आणायची. खटपटराव घरीच बसून लोकांचे पंखे-मिक्सर दुरुस्त करत आणि स्वयंपाक बघत. बायकोनं एकदा तरी बोल लावला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना फार वाटे. ती लावत नसे. म्हणून ते मनातल्या मनात दिवसातून दहा वेळा तिचे आभार मानत आणि तोंडावर एकदाही नाही. नवरे असेच असतात.

"चहाला कशाला येतायत?" त्यांनी पान्हा उचलत विचारलं.

"गोदामाचे मुख्य निवृत्त होतायत. त्यांच्या जागी माझं नाव आहे." बायको नळ आणि पाइप बनवणाऱ्या कारखान्याच्या गोदामात मदतनीस होती. "साहेबांची रीत आहे तशी. किल्ल्या द्यायच्या आधी माणसाचं घर बघतात. मागे पॅकिंगमधल्या एकाच्या घरी गेले, तर दारात वसुलीवाला उभा. साहेब चहा न घेता परत फिरले."

"का पण?"

"अहो, का म्हणजे? कर्जात बुडालेल्याला गोदाम सोपवायचं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं म्हणतात ते."

"आपण तर एकही हप्ता चुकवला नाही."

"चुकवला नाही म्हणूनच खोली अशी आहे," बायको म्हणाली.

खटपटरावांनी मनाशी हिशेब केला. ती जागा मिळाली तर अजून दोन वर्षं चालणारं कर्ज सात-आठ महिन्यांत फिटत होतं. कर्ज त्यांचं होतं, घाम तिचा गळत होता आणि आता बढतीही त्यांच्याच चटईपायी जाणार होती. त्यांना ते सहन होईना.

"आपण खोली सजवू," ते म्हणाले.

"कशानं? येऊ देत साहेबांना, बसतील चटईवर."

"मी मागून आणतो. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

आतून खटपटरावांच्या आईचा आवाज आला, "अरे, उसनं अवसान टिकत नाही, तिथे उसना सोफा काय टिकणार?"

पण खटपटरावांनी ऐकलं नाही. समोरच्या घरात निवृत्त मास्तर राहत. त्यांचा रेडिओ खटपटरावांनी चार वेळा जिवंत केला होता. मास्तर म्हणाले, "सोफाच ना? न्या की. फक्त सहा वाजता मला पाठ टेकायला लागतो." वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंची इस्त्री त्यांनी रात्रपाळीच्या आधी तासाभरात नीट करून दिली होती. त्यांनी फुलाफुलांचे सहा कप आणि सहा बशा काढून दिल्या. तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी एक टेबल दिलं, वर गिऱ्हाइकाचे नवेकोरे पडदेही दिले. "गिऱ्हाईक सहाला येणार आहे, तेवढं सांभाळा," म्हणाले. कुणी कारण विचारलं नाही, कुणी आढेवेढे घेतले नाहीत. जिना चढताना खटपटरावांचे डोळे भरून आले. दुकानात सगळं घालवलं, पण ही माणसं कशी कोण जाणे आपल्याकडे उरली, असं त्यांना वाटलं.

रविवारी सकाळी बायको "शेजाऱ्यांचे आभार मानून येते" म्हणून तिन्ही घरी जाऊन आली. दुपारी चारच्या ठोक्याला खोली अशी सजली की आईनं दारातच विचारलं, "चपला काढू का इथे?"

साहेब यायचे होते चारला. आले साडेपाचला. स्कूटर पंक्चर झाली म्हणाले. साहेब किडकिडीत, कमी बोलणारे आणि सगळं बघणारे होते. अंगात कोट, त्याला मोठाले खिसे. ते सोफ्यावर बसले, पडदे बघितले आणि म्हणाले, "छान ठेवलंय घर."

"सवयच आहे आम्हाला," खटपटराव म्हणाले. बायकोनं त्यांच्याकडे बघितलं आणि मग टेबलावर चहाचे कप ठेवले.

साहेबांनी पहिला घोट घेतला न घेतला तोच दारात शिंपीकाका. "खटपटराव, घोटाळा झाला. ते पडद्यांचं गिऱ्हाईक आत्ताच येऊन उभं राहिलंय."

"हे आमचे मामा," खटपटराव घाईघाईनं साहेबांना म्हणाले. "पडदे धुवायला न्यायला आलेत."

शिंपीकाका क्षणभर गोंधळले, पण माणूस सांभाळून घेणारा. "हो, मामा," ते म्हणाले आणि स्टुलावर चढून पडदे काढू लागले.

"मामा पडदे धुतात?" साहेबांनी विचारलं.

"फार हौस त्यांना," आई म्हणाली.

पडदे गेले तसं उतरतीचं ऊन सरळ साहेबांच्या डोळ्यांत आलं. ते सरकून सोफ्याच्या डाव्या टोकाला गेले. तिथली स्प्रिंग मास्तरांनी वीस वर्षं दाबलेली. साहेब एकदम वीतभर खाली गेले आणि गुडघे छातीपर्यंत आले. तशाच अवस्थेत त्यांनी पाहिलं, मामा दारात परत आले होते.

"गिऱ्हाइकाला पडदे इस्त्री करून हवेत," शिंपीकाका ओशाळून म्हणाले. "टेबलही लागेल."

"टेबलही धुवायचंय," खटपटरावांनी साहेबांना समजावलं.

सगळ्यांनी आपापले कप हातात घेतले. मामा टेबल डोक्यावर घेऊन गेले. ते जिन्यात उतरतात तोच नर्सबाई धावत खाली आल्या. "अहो, माझे दीर-जाऊ न कळवता येऊन बसलेत. घरात एक धड कप नाही. तुमचा चहा झाला का?"

"ही माझी मावसबहीण," खटपटराव म्हणाले. आता त्यांना थांबताच येईना.

"सावकाश प्या, साहेब, मी थांबते," असं म्हणून नर्सबाई साहेबांच्या समोर स्टुलावर बसल्या आणि सलाइनची बाटली कधी संपते ते बघावं तशा त्यांच्या कपाकडे बघू लागल्या. साहेबांनी दोन घोटांत चहा संपवला. तोंड भाजलं असावं.

तेवढ्यात सहा वाजले. मास्तर वेळेचे पक्के. कंबरेवर हात ठेवून ते आत आले, साहेबांना म्हणाले, "जरा सरका," आणि सोफ्यावर बसून त्यांनी पेपर उघडला.

"आणि हे?" साहेबांनी विचारलं.

"काका," खटपटराव म्हणाले.

साहेबांनी बोटांवर मोजून नाती जुळवली. मग नर्सबाईंकडे वळले. "म्हणजे हे काका तुमचे कोण लागतात?"

"शेजारी," नर्सबाई म्हणाल्या. मास्तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "वरच्या मजल्यावर राहतात. फार चांगल्या आहेत."

नर्सबाईंना काहीतरी चुकल्याचं कळलं. "कप मागाहून पाठवा, मी तोवर त्यांना पाणी देते," असं पुटपुटत त्या वर पळाल्या.

खटपटराव उभे राहिले. आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

"साहेब, मामा शिंपी आहेत. मावसबहीण वरच्या नर्सबाई आहेत. हा सोफा मास्तरांचा. आमचं म्हणाल तर ही स्टुलं आणि आत गुंडाळून ठेवलेली चटई. दुकान मी काढलं, बुडवलंही मीच. कर्ज मात्र हिनं फेडलं, अजून फेडतेय. दोन वर्षांत स्वतःला नवी चप्पल घेतली नाही, मला एक शब्द लावला नाही. हे मागून आणायचं खूळ माझं. ही म्हणत होती, साहेबांना चटईवर बसवू. तिचं ऐकायला हवं होतं मी."

एवढं सगळं ते बायकोबद्दल बायकोसमोर पहिल्यांदाच बोलले होते. बायको खिडकीबाहेर बघत होती. आईनं पदर डोळ्यांना लावला.

साहेब उठले. रिकामा कप ठेवायला इकडेतिकडे जागा शोधली, पण टेबल गेलं होतं. मग म्हणाले, "मास्तरांना त्रास होतोय. धरा ते टोक." आणि त्यांनी स्वतः सोफ्याचं एक टोक उचललं. दारात सोफा अडकला, तिरका केला, मास्तर मागून "उजवीकडे, अजून उजवीकडे" म्हणत राहिले. सोफा जागेवर गेल्यावर साहेबांनी हात झटकले, "येतो," म्हणाले आणि जिना उतरले. किल्ल्यांचं अवाक्षर नाही.

खटपटराव स्टुलावर मटकन बसले. बायको कप विसळायला गेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती हात पुसत. "पाच आहेत."

"काय पाच?"

"कप. सहा आणले होते. साहेबांचा नाही." "त्यांनी खिशात घातला असणार, सोफा उचलायला हात मोकळे हवेत म्हणून."

"जाऊ दे गं. एक कप आपण विकत आणून देऊ."

"विकत?" आत आईच्या हातून भांडं पडलं.

बायको चपला घालू लागली तसे खटपटराव म्हणाले, "अगं, साहेबांकडे कप मागणार तू? होती नव्हती ती आशाही जाईल."

"गेली तर गेली. कप नर्सबाईंचा आहे," असं म्हणून बायकोनं कोनाड्यातली एक वही उचलली आणि ती जिना उतरू लागली. खटपटराव मागोमाग धावले.

फाटकाशी साहेब स्कूटरला लाथा मारत होते. बायकोला बघून त्यांनी हात वर केला. "हे बघा, त्या जागेबद्दल आत्ता काही बोलू नका."

"जागेबद्दल नाही, साहेब. कपाबद्दल."

साहेबांनी कोटाच्या खिशात हात घातला. फुलाफुलांचा कप बाहेर आला. साहेबांचे कान लाल झाले. बायकोनं कपाची कड फिरवून बघितली आणि वहीत खूण केली.

"बघू," साहेब म्हणाले.

खटपटरावांनीही ती वही त्याच वेळी पहिल्यांदा बघितली. सकाळचे आभार कसले होते ते त्यांना तेव्हा कळलं. 'सोफा एक. डावी स्प्रिंग आधीपासून बसलेली. पडदे दोन, शिंपीकाकांच्या गिऱ्हाइकाचे, डाग नाही. टेबल एक. कप सहा, बशा सहा. एका बशीचा टवका आधीचा.' प्रत्येक ओळीपुढे मालकाची सही, तारीख, वेळ. पुढच्या रकान्यात 'परत'.

साहेबांनी पान दोनदा वाचलं. "हे लिहायला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? वस्तू दुसऱ्यांच्या आहेत."

"आणि माझ्याकडे कप मागायला भीती नाही वाटली?"

"वाटली. अजून वाटतेय. पण कप तुमचा नाही ना, साहेब."

साहेबांनी वही परत दिली. "उद्या आठ वाजता किल्ल्या ताब्यात घ्या," ते म्हणाले.

"घेते. तुमचे फार उपकार आहेत, साहेब," बायको म्हणाली. मग वही मिटून ती म्हणाली, "येताना ती शिडी आणाल का?"

"कोणती शिडी?"

"गोदामातली, लांब. गेल्या वर्षी घराला रंग देताना नेली होतीत."

साहेबांनी स्कूटरचा आरसा उगाच पुसला. "तेव्हा कुणी परत मागितली नाही," ते हळूच म्हणाले.

"तेव्हा किल्ल्या माझ्याकडे नव्हत्या."

"आणतो," साहेब म्हणाले. मग त्यांनी स्कूटरकडे बघितलं, हातांनी शिडीची लांबी मोजली आणि त्यांचा चेहरा पडला. "पण हिच्यावर बांधायची कशी?"

खटपटराव दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेले आणि धापा टाकत खाली आले. "साहेब, ही दोरी घ्या. चांगली मजबूत आहे. आणि आमची स्वतःची आहे."

साहेबांनी दोरी घेतली, मनापासून आभार मानले आणि ते निघणार, तोच बायकोनं वही पुढे केली. नव्या ओळीत तिनं लिहिलं होतं: 'दोरी एक. साहेबांकडे.' साहेबांनी निमूटपणे सही केली.