डोळे मिटून गाडी बघणारे निकमकाका

गाडी बघायला गेलेला माणूस काय करतो? बॉनेट उघडायला लावतो, टायरला लाथ मारून बघतो, ॲव्हरेज विचारतो. आमचे निकमकाका यातलं काही म्हणजे काही करत नाहीत. ते चपला काढून ड्रायव्हरच्या सीटवर बसतात, खिशातून अंगठ्याएवढा पितळी गणपती काढून डॅशबोर्डवर ठेवतात आणि डोळे गच्च मिटून घेतात. शोरूममधल्या टायवाल्या सेल्समनला वाटतं, आजोबा देवाचं करताहेत. तोही बिचारा हात जोडून उभा राहतो. तेवढ्यात काकांचे हात सुरू होतात. वायपर, दिवे, पंखा, काच, हॉर्न. हात एकदा जरी चाचपडला तरी काका डोळे उघडतात, गणपती खिशात घालतात, खाली उतरतात आणि 'नापास' म्हणून चपला शोधायला लागतात.

काका मूळचे सटाण्याकडचे. चौतीस वर्षं एका सरकारी खात्याची जीप चालवली. आज सुरगाणा, उद्या हरसूल, परवा कळवण. सिडकोत आमच्या शेजारी राहून त्यांची भाषा बरीचशी नाशिकची झाली होती, पण डॅशबोर्डचा विषय निघाला की आतली अहिराणी उसळून वर यायची. "डोया रस्तावर, हात बटनवर," हा त्यांचा मंत्र. कुठलं बटण कुठे आहे असं कुणी विचारलं, की "हातले इचार!" घाटात समोरून ट्रक येतोय आणि तू पंख्याचं बटण हुडकत बसलीस, तर घरच्यांनी फोटोला हार आणायला निघावं, असं ते मला अगदी प्रेमानं सांगायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नव्या नव्या गाड्या यायला लागल्या आणि काकांना ऊत आला. गल्लीत कुणी गाडी घ्यायची म्हटली की आधी काकांना घेऊन जायची पद्धतच पडली. एका गाडीत स्पीडचा काटा मधोमध होता. काका म्हणाले, म्हणजे स्पीड ड्रायव्हरनं नाही, शेजारी बसलेल्या सासूनं बघायचा. एका गाडीचा डॅशबोर्ड इतका उतरता, की गणपती घसरत घसरत थेट गिअरपाशी आला. देवाला जिथं बसायला जागा नाही, तिथं माणसाचं काय खरं आहे, असं म्हणून ती नापास केली. दोन सीटच्या मधे ग्लास ठेवायचे खड्डे दिसले तेव्हा तर त्यांनी सेल्समनला विचारलं, ही गाडी आहे की रसवंती? चकचकीत लाकडाची पट्टी दिसली की नखानं टकटक करायचे आणि "सनमायका शे," म्हणून मोकळे व्हायचे.

हसू नका. मी याच माणसाकडून गाडी शिकले. माझी पहिली सेकंडहँड गाडी आली तेव्हा त्यांनी तीन दिवस मला इंजिनच सुरू करू दिलं नाही. गाडी दारात उभी, माझ्याच ओढणीनं माझे डोळे बांधलेले आणि काका बाहेरून हुकूम सोडताहेत. वायपर म्हटलं की मी हॉर्न वाजवायची, दिवे म्हटलं की पाणी उडवायची. अख्खी गल्ली गॅलरीत. सासूबाईंनी तर शांतपणे विचारलं, की हे आरटीओनं नवीन काढलंय का? पण पुढच्याच पावसाळ्यात नांदुरीच्या घाटात असं दाट धुकं उतरलं, की समोरचं काही दिसेना, आणि माझा हात मात्र आपणहून बरोबर बटणावर गेला. त्या दिवसापासून मी त्यांची चेलीच झाले.

काकू गेल्या आणि काका घरात एकटे उरले. मुलगा प्रमोद पुण्यात, कंपनीत. एका अक्षय तृतीयेला तो आला आणि त्यानं जाहीर केलं, की बाबांनी जन्मभर दुसऱ्यांची गाडी पुसली, यंदा दसऱ्याला ते स्वतःच्या गाडीला हार घालणार. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! प्रमोद शनिवारी यायचा, रविवारी सकाळी आम्ही तिघं शोरूमला. काका मला मुद्दाम न्यायचे, म्हणायचे, तुझा हात तयार शे.

आणि काका एकेक गाडी दोन-दोन, तीन-तीन रविवार बघून नापास करत सुटले. एकीचं घड्याळ हिरवं. एकीच्या कप्प्याचं झाकण वाजतं. एकीची पंख्याची जाळी भुवया चढवून बघते. श्रावण गेला, गणपती गेले, सात गाड्या झाल्या. प्रमोद पुढच्या शनिवारी पुन्हा हजर, पण माझं डोकं सटकायला लागलं होतं. पोरगा एवढ्या हौसेनं देतोय आणि यांचे नखरे संपत नाहीत!

दसऱ्याच्या आधीचा शेवटचा रविवार. आज बुकिंग केलं तरच गाडी वेळेत दारात. आठवी गाडी. काकांनी गणपती ठेवला, तो पाटावर बसल्यासारखा बसला. डोळे मिटले. हात निघाला आणि कुठेही अडला नाही. पंखा, काच, दिवे, सगळं हाताशी येत गेलं. मी टाळीच वाजवली. प्रमोद फॉर्म आणायला काउंटरकडे जवळजवळ पळतच गेला.

काका उतरेनात. मी शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि जरा रागानंच विचारलं, की आता हिच्यात काय खोट काढताय?

"खोट नाय. लय भारी शे," ते म्हणाले. मग बराच वेळ गिअरच्या मुठीवरून हात फिरवत राहिले. "पाच महिने झाले, पोरगा दर शनिवारी घरी येऊन राहिला. आधी वर्षात दोनदा येई. गाडी दारात आली, मंग तो कशाले येई? आणि मी एकटा तिच्यात बसून जाऊ कुठं?"

मला माझी इतकी लाज वाटली. पाच महिने मी या माणसाला हट्टी म्हणत होते.

प्रमोद फॉर्म घेऊन आला. "बाबा, पास ना?" काका समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत बसले.

"थांब रे," मी म्हणाले. "धोक्याचे दिवे लावायचं बटण बघ कुठंय. काकांना सापडलं असेल, मला नाही सापडत." मी डोळे मिटले आणि त्या बटणाच्या आजूबाजूला जे जे होतं ते सगळं दाबलं. रेडिओ लागला, पंखा सुटला. सेल्समन धावत आला, म्हणाला, मॅडम, ते तुमच्या बोटाखालीच आहे. मी त्याला म्हटलं, तुम्ही जरा गप्प बसा.

प्रमोदनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मग फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली.

"राहू दे मग दसरा," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी दुसरी बघू. दुपारची बस धरतो पुण्याहून."

"दुपारनी कशाले?" काका म्हणाले. "सकायनी धर."