आप्पांची वेगळी चूल

आमच्याकडं चहाला येताना आप्पा स्वतःची साखर घेऊन येतात. येतात म्हणजे लांबून नाही, मधल्या भिंतीपलीकडच्या खोलीतून. पुडी कपात रिकामी करतात, ढवळतात आणि म्हणतात, "आता बराबर." मग दूध आमचं कसं चालतं, असं मी एकदा चेष्टेनं विचारलं. त्यांनी त्यावर बराच विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून कोरा चहा सुरू केला. तेव्हापासून मी तोंड आवरलं आहे.

आप्पा म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलते. लग्न केलं नाही. जळकोटच्या बाजारात जन्मभर शिलाई मशीन चालवलं, नजर अधू झाली तसं मशीनही विकलं. सासू-सासऱ्यांच्या मागं घरात वडीलधारं माणूस हेच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, माझ्या पगारातून टॅक्स कापला जायचा, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

म्हातारपणी निराधारांना सरकारकडून दर महिन्याला जे पैसे मिळतात, त्याला आमच्या गावात पगारच म्हणतात. त्या पगाराचा अर्ज भरून देणाऱ्यानं आप्पांना बजावलं होतं की घरात टॅक्स भरणारं कुणी निघालं तर पगार बंद होईल. रेशनकार्ड वेगळं काढा आणि चूल वेगळी दाखवा. आता गावात निम्म्या घरांच्या चुली कागदावर वेगळ्याच आहेत. कार्डं तीन, कुकर एक, आणि कुणाची झोप उडालेली नाही. पण आप्पांना नुसतं दाखवणं जमत नाही. त्यांनी त्याच आठवड्यात एक शेगडी आणि दोन पातेली आणली आणि माझ्या हातचं जेवण बंद केलं.

"कागूद एक बोलतो आन् माणूस एक करतो, आपल्याला जमत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी वाटीभर पिठलं पाठवलं की वाटी शेंगदाण्यांनी भरून परत येते. फुकट घेतलं की एक कुटुंब झालं, असा त्यांचा हिशेब. बुद्धपौर्णिमेला मात्र खीर सोडवत नाही. मग ते धुतलेला सदरा घालून मागच्या दारानं बाहेर पडतात, रस्त्यानं वळसा घालून पुढच्या दाराशी येतात, हातात अर्धा डझन केळी. मी पाणी द्यायचं, गावाकडं पाऊसपाणी कसं आहे असं विचारायचं, आणि आमच्याच गावाची हकीकत त्यांनी मला सांगायची. पाहुण्याला जेवू घालायला सरकारची मनाई न्हाय, असं म्हणून दोन वाट्या जास्त घेतात.

मागं बारा लाखांच्या आत टॅक्स लागणार नाही, अशी बातमी आली. आप्पा सकाळीच दारात उभे. आता सूनबाई टॅक्सवाली राहिली नाही, मग शेगडी विकू का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की टॅक्स लागला नाही तरी रिटर्न भरावं लागतं.

"टॅक्सच न्हाय तर भरायचं काय?"

टॅक्स नाही हे सांगायला भरायचं, असं मी म्हणाले आणि म्हणता म्हणता माझाच मला भरवसा वाटेना. मग रिटर्न भरून टॅक्स न देणारं माणूस टॅक्सवालं धरतात की बिनटॅक्सवालं, हा त्यांचा पुढचा प्रश्न. मी सातवीला गणित शिकवते, पण इथं माझी पाटी कोरी. तुळजापूरच्या टॅक्स सल्लागाराला विचारलं, तो म्हणाला हे योजनेवाल्यांना विचारा. योजनेवाले म्हणाले, टॅक्सवाल्यांना विचारा. आमच्या ह्यांनी सगळं वाचून काढलं आणि आणखीच गोंधळ घातला. म्हणे रेशनचं कुटुंब निराळं, योजनेचं निराळं, आणि टॅक्सवाले नवरा-बायकोलासुद्धा वेगवेगळं धरतात. आप्पा शांतपणे ऐकत होते. "मंग ह्यातलं आपलं घर कंचं?" असं त्यांनी विचारलं. शेगडी राहिली.

यंदा उन्हाळ्यात लाभार्थ्यांची तपासणी निघाली. आप्पांनी जेवण टाकलं. त्या पगारात त्यांचं औषधपाणी भागतं आणि पुतण्यापुढं हात पसरावा लागत नाही. मशीन गेल्यापासून तेवढाच एक मान त्यांच्यापाशी उरला होता. मी त्यांची तयारी करून घेतली. साहेब विचारतील कुटुंबात कोण कोण, तुम्ही म्हणायचं, एकटा. आप्पा पोपटासारखं म्हणायचे, एकटा.

तपासणीचे साहेब भले माणूस निघाले. बरोबर टॅब घेतलेली एक मुलगी. आप्पांनी शेगडी दाखवली, पातेली दाखवली, पिठाचा डबा उघडून दाखवला. मी दारात जीव मुठीत धरून उभी. मग तो प्रश्न आला.

आप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा जमिनीकडं. आणि मग म्हणाले, "पुतण्या हाय. सूनबाई हाय. आन् नात, सुजाता." मी कपाळाला हात लावला. गेला पगार.

साहेब हसले. त्यांनी समजावून सांगितलं की नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लेकरं. पुतण्या, सून, त्यांची मुलगी यात येत नाहीत. सूनबाईंच्या टॅक्सचा आणि तुमच्या पगाराचा काही संबंध नाही, पगार चालू राहील, आणि शेगडी वेगळी ठेवायचीही गरज नव्हती.

माझा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं हा माणूस धुरात एकटा भाकरी थापत बसला, त्याचं कारणच नव्हतं म्हणायचं. मला हसूही आलं आणि चीडही. आप्पा मात्र हसले नाहीत.

"म्हंजी, म्या ह्यांच्यात बसून जेवलो तरी एकटाच?"

"हो, एकटेच," साहेब आनंदाची बातमी द्यावी तसे म्हणाले. "काही काळजी करू नका."

मुलीनं अंगठा घ्यायचं यंत्र पुढं केलं. आप्पांनी हात मांडीवरून उचलला नाही. पगार गेला तरी चालंल, पण तेवढी नावं राहू द्या, असं ते हळूच म्हणाले. मुलगी बिचारी गोंधळली. नावं टाकायला तिच्याकडं रकानाच नव्हता. शेवटी मी त्यांच्याजवळ बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि अंगठा टेकवला. इतक्या वर्षांत मी त्यांचा हात कधी धरला नव्हता. मला रडू आवरेना.

ते दोघं पुढच्या घराकडं निघाले तेव्हा आप्पा अनवाणीच त्यांच्या मागं गेले. मला वाटलं, पगाराचं काही विचारायचं असेल. त्यांनी साहेबांना थांबवून आमची तिघांची नावं पुन्हा सांगितली, सुजाता कितवीला आहे तेही सांगितलं. साहेबांनी अवघडून खिशातला पेन काढला.

"लिवू नका," आप्पा म्हणाले, "नुसतं ध्यानात ठेवा."